ज्या पाण्यातले त्या पाण्यात

१४ जुलै, रविवार. धुळे

माझ्या गाईड मॅडम म्हणतात, प्रयोगाची नोंदवही स्वच्छ ठेवा, तिच्यात रडगाणं नको. म्हणून रडगाण्यासाठी ही वेगळी वही.

नवी खोली घेतली. जुन्या धुळ्यात, गल्लीच्या टोकाला, माडीवर. खाली घरमालकीण भंवरीबाई एकट्या राहतात. नवरा इंदरचंद शेठ कापडवाले, वारले. मुलगा रोनक सुरतेला. बाई सत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांनी रडवलेल्या, पण जीभ तुरुतुरु चालते. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणतो. मूळच्या मारवाडी जैन, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिल्यामुळे अहिराणी अशी बोलतात की आमच्या भडगावकडच्या बायका मागे पडाव्यात. मी मात्र त्यांच्याशी पुस्तकी मराठीच बोलतो. सर म्हणवून घ्यायचं तर तेवढं सांभाळावं लागतं.

अटी सांगितल्या. अंडं नाही, कांदा-लसूण नाही, दिवस बुडाल्यावर चूल नाही. कबूल केलं. डबा बाहेरून येतो, आणि जेवायला कोणी येणार आहे अशातला भाग नाही. वय एकेचाळीस, लग्न नाही, कॉलेजात तासिका तत्त्वावर. पोरीचे बाप ‘तासिका’ ऐकूनच चहाचा कप खाली ठेवतात.

खोली घेतली ती पश्चिमेच्या खिडकीसाठी. माझ्या जिवाणूंना ऊन लागतं. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली आहे, ३१ जानेवारी. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि आठ वर्षं पांझरेत वाहून गेली समजायचं.

२१ जुलै

बरणी भरली. लोणच्याची मोठी काचेची बरणी, तळाशी भडगावजवळच्या खदानीच्या खड्ड्यातला काळा चिखल, वर त्याच खड्ड्याचं पाणी, झाकण घट्ट. हा चिखल मी मागे आणून कॉलेजात डब्यात जपून ठेवला होता. चिखलात गंधकासाठी लोक अंड्याचा बलक घालतात, मी अक्कांच्या धाकानं जिप्सम घातलं. सोबत वर्तमानपत्राचे तुकडे. असं ठेवलं की महिन्याभरात थर पडतात आणि उजेडावर जगणारे जांभळे-तांबडे जिवाणू वर येतात.

मला हवंय त्यांच्यातलं एक इवलं प्रोटीन, सायटोक्रोम सी-टू. पोटात लोखंडाचा एक अणू. एकाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा, पुढच्याला द्यायचा, स्वतःकडे काही ठेवायचं नाही. घेतला की गुलाबी, दिला की तांबूस-तपकिरी. असल्या तीन जिवाणूंमधल्या या प्रोटीनची रचना जगाला ठाऊक आहे. चौथा जिवाणू माझा, आमच्या खड्ड्यातला. चौघांची रचना एकमेकांवर ठेवून पाहायची, काय बदललं नि काय तसंच राहिलं. एवढाच माझा प्रबंध.

अक्का कठड्याला धरत धरत वर आल्या. म्हणाल्या, “मनं वर काम व्हतं.” काम काही दिसलं नाही. बरणीकडे बोट केलं.

“सर, आठे बरनीमां काय शे?”

“माती आहे.”

“मातीले झाकन कसाले?”

मी म्हटलं, कॉलेजचं आहे. कॉलेज म्हटलं की बायका गप्प बसतात, या बसल्या नाहीत. आता रोज विचारणार.

१८ ऑगस्ट

बरणीच्या मधोमध तांबडा पट्टा! कुंकवाची रेघ ओढल्यासारखा. मला इतका आनंद झाला की सांगायला माणूस शोधत जिना उतरलो, आणि अर्ध्यात आठवलं की खाली फक्त अक्का. परत वर आलो.

त्याच संध्याकाळी आल्या. “तुमनं लोनचं बिघडनं वाटस.”

मग सांगावंच लागलं. हे जीव आहेत, डोळ्यांना एकेकटे दिसत नाहीत, कोट्यवधी मिळून हा रंग. बाईंनी तोंडावर हातच ठेवला.

“झाकन बंद! गुदमरी जातीन ना!”

“यांना हवा लागत नाही, अक्का. हवा लागली तर उलट यांचं बिनसतं.”

“मंग खातस काय?”

“उजेड.”

“निस्ता उजेड?” चातुर्मास चालू आहे, अक्कांचा त्या दिवशी उपास होता, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. बरणीकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. “मंग त्या मनापेक्षा मोठा तपस्वी शेत.”

हसू आलं, पण दाबलं.

२५ ऑगस्ट

आठवडाभर आभाळ. अक्का सकाळी खालून ओरडतात, “आज ढग शेत, त्यासले उपास पडी!” मग वर येतात. पडदा पूर्ण सरकवतात. काच पुसतात. काल तर खिडकीबाहेरची तुळशीची कुंडी हलवली, सावली पडते म्हणून. मी इथे पेपर तपासत बसलेला, आणि माझ्या खोलीत माझ्यापेक्षा बरणीची चौकशी जास्त. पाच मिनिटांचं काम अर्धा तास चालतं. नवऱ्याचं दुकान कसं होतं, त्यांची सासू कशी होती, सगळं बरणीला सांगतात. मी हूं हूं करतो.

सासूचं एक ऐकलं, म्हणून टिपतो. पूर्वी विहिरीचं पाणी कपड्यानं गाळायचे. “मनी सासू पानी गाळे. कपडामां जे जीव ऱ्हायेत त्या परत त्याच विहिरमां सोडे. दुसरा पानीमां त्या जगतस नही.” ज्या पाण्यातले त्या पाण्यात. सासू म्हणे भर उन्हात दोन-दोनदा विहिरीवर जायची, एवढ्याशा फडक्यातले न दिसणारे जीव पोचवायला. मी म्हटलं, शास्त्रीयदृष्ट्या थोडं बरोबर आहे. अक्कांना माझ्या शास्त्राची पर्वा नव्हती; बरणीतले कुठल्या पाण्यातले तेवढं विचारून घेतलं, मी सांगितलं, आमच्या भडगावच्या खदानीच्या.

८ सप्टेंबर, रविवार

अक्कांची संवत्सरी, जैनांचा माफी मागायचा दिवस. पांढरी साडी नेसून, हात जोडून दारात उभ्या. “मिच्छामि दुक्कडम्. बोलताना-चालताना काही दुखवं व्हई ते माफी करा, भाऊ.” सरचं भाऊ कधी झालं कळलं नाही. मीही हात जोडले. मग बरणीसमोर उभ्या राहिल्या, तिलाही हात जोडले, आणि मला म्हणाल्या, “तुम्हीबी म्हना.”

मी म्हटलं, माझं यांच्याशी काही भांडण नाही.

“प्रोटीन कसं काढतस तुम्ही यासनामाईन?”

जिभेवर खरं आलं होतं. जळगावच्या प्रयोगशाळेत मी यांच्यातली एकच जात वेगळी काढून तिची शुद्ध वाढ करतो आणि यंत्रात घालून पेशी फोडतो, लाखांनी नाही, अब्जांनी. पण दिवस कोणता, समोर कोण. म्हणालो, “ते आपणहून देतात.”

अक्का हसल्या. “चांगला जीव शेत.” चेहऱ्यावरून विश्वास बसल्यासारखा वाटला नाही, पण पुढं काही विचारलं नाही.

२९ सप्टेंबर

पुण्याहून माझ्या जिवाणूच्या त्या प्रोटीनच्या जनुकाची माहिती आली. संगणकावर रचना उभी राहतेय. डोळे लाल झालेत.

दुपारी खाली दोन माणसं टेप घेऊन भिंती मोजत होती. अक्का रंगकाम काढणार असाव्यात दिवाळीला. भांड्यांची आवराआवरही चालली आहे, तांब्या-पितळेची खणखण वर ऐकू येते. मी खाली वाकून सांगितलं, जरा हळू. लगेच बंद झाली.

२० ऑक्टोबर

झालं! चारही रचना एकावर एक ठेवल्या. पहिले तिघे तसे परस्परांचे लांबचे नातलग, साखळीतले निम्म्याहून जास्त दुवे वेगळे. माझा तर चौथ्या गल्लीतला पाहुणा, बाहेरच्या अंगाला एक वळसा जादाच, तिघांत कोणाकडे नाही. पण लोखंड धरून बसलेला आतला गाभा बोटभरही हलला नाही. चौघांचा एकच. बाहेरून कितीही बदला, जिथं देणं-घेणं होतं ती जागा बदलायला परवानगी नाही. मी संगणकापुढे एकटाच टाळ्या वाजवल्या.

अक्कांना सांगितलं. चित्र दाखवलं. त्यांनी रंगीत फिती पाहिल्या आणि विचारलं, “मंग आते बरनीनं काय?”

“तिचं काम संपलं, अक्का. गटारीत ओतून देईन एक दिवस.”

त्यांनी पदरानं बरणीची काच पुसली आणि खाली गेल्या. मी आनंदात होतो, त्यामुळे ते फार लक्षात आलं नाही.

२ नोव्हेंबर

दिवाळी. भाऊ दीपकचा भडगावहून फोन, “ये ना घर, वहिनी वाट दखी राह्यनी.” काम आहे म्हणून सांगितलं. काम म्हणजे झोप. गेलो की सगळे प्रेमानं लग्नाचं विचारतात, आणि आई-बाबा गेल्यापासून त्या घरात मी कुठं बसायचं हेच मला समजत नाही.

रोनक आला आहे. बापजाद्यांचा व्यापारी गोडवा आहे बोलण्यात. जिन्यात भेटला. “सर, मम्मीला समजावा ना. म्हणते, वर बरणीत जीव आहेत, ते त्यांच्या पाण्यात गेल्याशिवाय घर सोडायचं नाही. दर फोनला नवीन कारण. आधी चातुर्मास, आता तुमची बरणी. संक्रांतीनंतर तरी हलायलाच पाहिजे.”

म्हातारी माणसं प्रवासाला कुरकुर करतातच. मी म्हटलं, समजावतो. सुरतेला हवापालट झाला तर बरंच आहे त्यांना, चार दिवस नातवंडांत जातील.

अक्कांनी फराळाचं ताट वर पाठवलं नाही, स्वतः घेऊन आल्या. मी जेवेपर्यंत बसून राहिल्या.

१५ नोव्हेंबर. जळगाव

संपलं सगळं.

दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेचा मेन स्विच कोणी तरी बंद केला. फ्रीज वितळलेला, राखीव नमुने सडलेले. दिव्यांपुढच्या माझ्या तांबड्या बाटल्यांत हिरवा-पांढरा गाळ. शुद्ध जिवाणू एकाही बाटलीत उरला नाही. कोणाला बोलणार? ज्यानं बंद केला त्याला वाटलं असेल, वीज वाचवतोय.

त्यात मॅडमनी प्रकरण वाचून परत दिलं. म्हणाल्या, “भूपेंद्र, हे सगळं संगणकातलं चित्र आहे. प्रोटीन हातात घे. इलेक्ट्रॉन दिल्यावर गुलाबी झालेलं दाखव. नाहीतर परीक्षक पहिल्या प्रश्नालाच आडवं करतील.”

हातात कुठून घेऊ? मग आठवलं, बरणी. ओतायची राहून गेलेली माझी आळशी बरणी! तिच्यातून पुन्हा शुद्ध वाढ काढायची, दिवस थोडे आहेत पण जमेल. उद्या पहिली बस.

१६ नोव्हेंबर

खिडकी रिकामी. बरणी नाही. खाली कुलूप. शेजारी म्हणाले, अक्का पहाटेच पिशवी घेऊन स्टँडकडं गेल्या, एकट्या.

मी त्यांना दहा फोन केले. त्यांचा फोन कुलपामागं घरातच वाजत होता. मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात काय काय बोललो ते या वहीतही लिहीत नाही. आठ वर्षांचं काम एका बाईनं पिशवीत घातलं आणि निघून गेली.

तेवढ्यात दीपकचा फोन. “तुनी घरमालकीन आठे येल शे. खदानीजवळ मांडीवर बरनी लई बसेल शे. वहिनीनी बलावं, तरी घर येत नही. तू ये लवकर.”

१७ नोव्हेंबर

कालचं नीट लिहितो.

खदानीचा खड्डा नव्हताच. जिथं मी लहानपणी म्हशी धुवायला नेत असे तिथं मुरूम टाकून सपाट केलेलं, वर रस्त्याच्या कामाचे पाइप. दीपक म्हणाला, “मागला सालेच बुजी टाका. तुले फोनवर सांगं व्हतं मी.” सांगितलंही असेल. मी त्याच्या फोनवरही हूं हूं करतो.

एका पाइपावर अक्का बसल्या होत्या. मांडीवर बरणी, तिला ओलं पांढरं फडकं गुंडाळलेलं, एक बाजू मात्र उघडी, उन्हाकडं. वहिनी शेजारी उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी. माझा राग दोन तास एसटीत तापत आला होता. मी तोंड उघडलं आणि अक्का आधी बोलल्या.

“त्यासनं पानीच नही राह्यनं, भाऊ. आते यासले कोठे सोडू?”

त्या रडत होत्या. एवढ्या चिखलासाठी कोणी इतकं रडतं, मला नवल वाटलं. मी घाईघाईनं म्हटलं, बरं झालं, सोडायचं नाहीच आता, मला हवेत ते, काम अडलंय. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्यावरच काही उपकार केला.

बरणी उचलून पाहिली. धुळ्याहून दोन बस बदलून आलेली, आणि तांबडा थर केसभरही हललेला नव्हता. सगळी वाट मांडीवर धरून आणली होती. खिडकीची जागा मागून घेतली, कंडक्टरशी भांडून. का, तर त्यांना उजेड लागतो.

परतीच्या बसमध्ये बरणी मी धरली. भडगाव सुटल्यावर अक्का म्हणाल्या, “आते खरं सांग. प्रोटीन कसं काढस तू?” तुम्हीचं तू झालं.

सांगितलं. फोडतो म्हणून सांगितलं. पारोळ्यापर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मला वाटलं आता बरणी परत मागतील. स्टँडवर बस थांबली तेव्हा बोलल्या.

“बठ्ठा?”

“सगळे नाही. थोडे. बाकीचे वाढत राहतात.”

“मंग माफी मांगी ले, आनि कर. पन खोटं नको बोलू त्यासनी बाबत.”

८ डिसेंबर

वाढतायत. जळगावला दिव्यांपुढे चार बाटल्या, रंग चढतोय. शनिवार-रविवार धुळ्याला येतो, बाकी दिवस तिकडे, विद्यापीठाच्या होस्टेलवर. बरणी पुन्हा खिडकीत. अक्कांनी तिच्यावरचं ते फडकं धुऊन, घडी करून शेजारी ठेवलंय.

खालची कपाटं गेली. हातगाडीवाला नेत होता. जुनी झाली असतील.

२९ डिसेंबर

अक्का वर आल्या, आज कामाचा बहाणाही केला नाही. खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, संक्रांत झाल्यावर रोनक येणार, सतरा तारखेला. तू कधी येशील?

मी प्रकरण चौथं दुरुस्त करत होतो. म्हटलं, येईन ना शनिवारी.

“सतरा शुक्रवार शे.”

“हो हो.”

थोडा वेळ बसून उठल्या. कठडा धरून उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. मी दार लावून घेतलं, थंडी फार होती.

१३ जानेवारी. जळगाव

आज पेशी फोडल्या. यंत्र सुरू करण्याआधी खोलीत कोणी नाही हे पाहिलं आणि हळूच म्हणालो, मिच्छामि दुक्कडम्. उच्चार बहुधा चुकला. वेडेपणाच, पण म्हटल्याशिवाय हात बटणाकडं जाईना.

आता गाळणं, बर्फ, प्रोटीन वेगळं करणारी उभी नळी, तिच्यातून थेंब थेंब गोळा करणं. आठवडाभर इथून हलता येणार नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी, जळगाव. परीक्षानळीत तांबूस द्राव. चिमूटभर औषध टाकलं, इलेक्ट्रॉन देणारं. मी श्वास रोखून धरला होता. आणि रंग फिरला. गुलाबी! डाळिंबाच्या दाण्यातून उजेड यावा तसा. यंत्रावरचा आलेख जिथं उंच व्हायला हवा तिथंच झाला. माझ्या खड्ड्यातलं, आता नसलेल्या खड्ड्यातलं प्रोटीन, तिघांच्या शेजारी ताठ मानेनं उभं राहिलं.

मॅडम पाठीवर थाप मारून मीटिंगला गेल्या. दीपकला फोन केला, तो मंडईत होता, आवाजच येईना. मी नळी बर्फात ठेवली, पिशवी उचलली आणि सरळ धुळ्याची बस धरली. बसमध्ये सगळी वाट ठरवत होतो, अक्कांना कसं सांगायचं. गुलाबी म्हणजे कसं गुलाबी. त्यांच्या त्या जुन्या बांधणीच्या साडीचा काठ आहे ना, तसं.

खाली कुलूप. मोठं, नवीन. ओट्यावर अक्कांचा बसायचा पाटही नाही. शेजारचे म्हणाले, “काल गेल्या की. घर विकलं ना. तुम्हाला माहीत नव्हतं? तुमची वाट पाहून पाहून रोनकनं गाडी दुपारी काढली. सारख्या गल्लीच्या तोंडाकडं पाहत होत्या बिचाऱ्या.”

सतरा शुक्रवार शे.

वर आलो. बरणी खिडकीत होती, काच पुसलेली, फडकं तिच्या गळ्याशी बांधलेलं. पडदा पूर्ण सरकवलेला. मी सांगायला आलो होतो, आणि ऐकायला खोलीत बरणीशिवाय कोणी नव्हतं. तिलाच सांगितलं. मग खूप वेळ बसलो. एकटा मी आधीही होतो, पण आज जिन्यावर पाऊल वाजणार नाही हे ठाऊक असलेला एकटा होतो. त्या दोन्हींत केवढा फरक आहे हे मला एकेचाळीस वर्षं कळलं नाही.

१९ जानेवारी

ही वही पहिल्यापासून वाचली. टेप घेऊन आलेली माणसं, भांडी, कपाटं, रोनक. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. रंगकाम म्हणे! पाइपावर बसून कोणाच्या पाण्यासाठी रडत होती ती, हेही आत्ता वाचताना दिसलं. चार जिवाणूंच्या पोटात काय दडलंय ते मी सांगू शकतो, खालच्या मजल्यावरचं मला दिसलं नाही. गाढव.

३१ जानेवारी

प्रबंध दाखल केला. शिक्का पडला. पेढे घ्यावे की नाही, दुकानासमोर उभा राहिलो. घेतले. होस्टेलच्या वॉचमनला चार दिले, बाकी खोलीत आहेत.

नवीन मालकाला फेब्रुवारीअखेरीस जागा हवी आहे. तो घर पाडणार आहे.

५ फेब्रुवारी

सुरतेला फोन केला. रोनकची बायको जिनल बोलली, मग अक्कांना दिला. आवाज लांबून आल्यासारखा. कसं आहे विचारलं तर म्हणाल्या, सगळं चांगलं शे, लिफ्ट शे, गुडघाले आराम शे. बोलायला कोणी आहे का, असं मी विचारलं नाही.

“गुलाबी झालं, अक्का.”

“व्हयनं?” मग, “त्यासले उजेड भेटस ना?”

९ फेब्रुवारी, रविवार. सुरत

परवा दुसरी बरणी आणली. जुनीतला निम्मा चिखल, निम्मं पाणी तिच्यात काढलं, थर शक्य तितका जपून. वर अक्कांचंच फडकं बांधलं. पहाटेची सुरत गाडी, खिडकीची जागा मागून घेतली. नवापूरपर्यंत मांडी बधिर झाली. अक्का त्या दिवशी कशा बसल्या असतील या वयात, कोण जाणे.

शेजाऱ्यानं विचारलं, सुरतेला काय काम? मी म्हणणार होतो, कॉलेजचं. सुरतेला माझं काहीही काम नव्हतं. तसंच सांगितलं त्याला.

अकराव्या मजल्यावर जिनलनं दार उघडलं. कोण म्हणून विचारलं तिनं, आणि मला सर, प्राध्यापक, भाडेकरू यातलं काय सांगावं सुचेना. तोवर आतून अक्का आल्या. वाळल्यात. दारात थांबून आधी माझ्याकडं, मग हातातल्या बरणीकडं पाहिलं. चेहरा उजळला आणि लगेच घाबरला.

“आठे कसाले लई वना रे यासले? दुसरा पानीमां त्या जगतस नही.”

आई गेल्यापासून जी बोली मी तोंडात येऊ दिली नव्हती, ती आपोआप आली.

“पानी तेच शे, अक्का. संगे लई वनू.”

अक्कांनी फडक्यावरून हात फिरवला. मग जिनलकडं वळून म्हणाल्या, “बेटा, उजेडनी खिडकी कोनती शे आपली?” त्या घरात येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते, आणि हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं, असं जिनल मला नंतर म्हणाली.

खिडकी मिळाली. अक्कांनी पडदा सरकवला, एक खुर्ची ओढून बरणीजवळ ठेवली, आणि दुसरी तिच्याशेजारी.